राख, चुना आणि तुसाची पांदण: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या गावापासून नाल्यापर्यंत जाणारी चौदाशे मीटरची पांदण दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत नव्याने बांधली गेली. नेहमीप्रमाणे मुरूम टाकून रोलर फिरवण्याऐवजी जागेवरच्याच काळ्या मातीत चुना आणि राईस मिलच्या बॉयलरमधील तुसाची राख मिसळून तिचा पाया केला गेला. नाल्याकडच्या शेवटच्या दोनशे मीटरच्या सखल भागात औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा भराव घालण्यात आला. या रस्त्याने आता दोन पावसाळे पाहिले आहेत आणि धानाचे दोन हंगाम त्याच्यावरून वाहून नेले आहेत, म्हणून त्याच्याविषयी काही ठामपणे सांगता येईल असे मला वाटते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून माझी नोकरी झाली. पण या रस्त्याशी माझे खरे नाते वापरणाऱ्याचे आहे, कारण माझे साडेतीन एकर वावर याच पांदणीला लागून आहे.

आमचा भाग नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, रामटेक आणि मौदा यांच्या मधला. इथली माती कन्हार, म्हणजे काळी आणि चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन सरी झाल्या की तीच माती चाकाला चिकटून बंडीचा आस टेकवते. रोवणीच्या दिवसांत धानाचे पऱ्हे डोक्यावर वाहून न्यायचे, खताची पोती धुऱ्याधुऱ्याने न्यायची, आणि कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला तर कापलेले धान बांधीतच भिजू द्यायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. मुरूम यापूर्वी दोनदा टाकून झाला होता. दोन्ही वेळा तिसऱ्या वर्षापर्यंत तो मातीच्या पोटात गेला, कारण खालची माती भिजली की वरचा मुरूम तिच्यात रुततो आणि चाकांच्या दाबाने ती माती मुरमाच्या फटींतून वर येते. रोग पायात होता आणि आम्ही औषध डोक्याला लावत होतो, हे मला नोकरीत असतानाही कळत होते. परंतु अंदाजपत्रकात पायाच्या मातीवर उपचार करण्याची बाब बहुधा नसेच.

उपचाराची गरज का पडते, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण या रस्त्याचे गुणदोष त्याखेरीज समजणार नाहीत. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे पापुद्रे पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरकतात, म्हणून माती फुगते. पाणी गेले की पुन्हा जवळ येतात, म्हणून ती तडकते. अशा मातीचा चार दिवस पाण्यात ठेवून काढलेला सीबीआर, म्हणजे भार पेलण्याची क्षमता दाखवणारा आकडा, बहुतेक वेळा २ ते ३ टक्क्यांच्या घरात राहतो. तिच्यात चुना मिसळला की चुन्यातील कॅल्शियम त्या पापुद्र्यांना धरून ठेवते आणि एक-दोन दिवसांतच मातीचा चिकटपणा कमी होऊन ती भुसभुशीत होते. ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी संथ असते: चुना आणि सिलिका पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू जुळून सिमेंटमध्ये तयार होते त्याच प्रकारचे बंधद्रव्य तयार करतात. मातीत स्वतःची थोडी सिलिका असतेच. पण तिला जोड म्हणून तुसाची राख घातली तर काम अधिक पक्के होते, कारण नीट जाळलेल्या तुसाच्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते.

आमच्या परिसरात तूस किती निघते, याची कल्पना शेतकऱ्याला वेगळी द्यावी लागत नाही. एका क्विंटल धानामागे सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळले की ४ किलोच्या आसपास राख उरते. नागपूर, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यातील राईस मिल तूस बॉयलरला वापरतात, आणि त्यामागे राहणारी राख मिलच्या मागे किंवा एखाद्या पडीक जागेवर साचत जाते. वाऱ्याने ती उडते, पावसात वाहून नाल्यात उतरते. तिला पायाच्या मातीत जागा मिळणे ही मला या रस्त्याची सर्वांत समाधानकारक बाब वाटते.

मात्र सगळी तुसाची राख सारखी नसते, आणि या कामात पहिली ठेच आम्हाला इथेच लागली. साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या खाली आणि पुरेशा हवेत जळलेल्या तुसाची सिलिका अस्फटिक राहते व चुन्याशी लवकर जुळते. त्याहून जास्त उष्णतेत ती स्फटिकरूप होते आणि मग चुना तिला फारसा धरत नाही. हवा कमी पडली तर राखेत कोळसा उरतो आणि राख काळी दिसते. पहिल्या खेपांमधील राख करड्या रंगाची, बोटांवर चोळली की पिठासारखी लागणारी होती. नंतरच्या काही खेपा दुसऱ्या एका मिलच्या जुन्या ढिगातून आल्या; त्या राखेत अर्धवट जळलेले तूस हाताला लागत होते आणि ढीग एक पावसाळा उघड्यावर भिजलेला होता. मी शंका काढेपर्यंत सुमारे साठ मीटर लांबीत ती मिसळली गेली होती. तो साठ मीटरचा तुकडा आजही ओळखू येतो, आणि त्याच्याविषयी पुढे लिहिले आहे.

मिसळण्याची पद्धत पाहून गावातल्या लोकांना आश्चर्य वाटले, कारण त्यासाठी कुठले मोठे यंत्र आले नाही. गावातल्याच ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर वापरला गेला. ट्रॅक्टर चालवणारा मुलगा पहिल्या दिवशी मला म्हणाला, “काका, हे तर चिखलणीसारखंच आहे, फक्त पाणी कमी.” त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. चिखलणीत आपण मातीचे कण सुटे करून पाणी धरून ठेवणारा गाळ तयार करतो. इथे मातीचे ढेकूळ फोडून प्रत्येक कणापर्यंत चुना पोहोचवायचा असतो. ढेकूळ तसेच राहिले तर चुना त्याच्या बाहेरच्या सालीला लागतो आणि आतली कन्हार जशीच्या तशी राहते. म्हणून त्या मुलाला एकाच पट्ट्यावरून चार-चार, पाच-पाच वेळा फिरवावे लागले आणि त्याने ते न कंटाळता केले.

चुन्याचे प्रमाण मातीच्या कोरड्या वजनाच्या ४ टक्के आणि तुसाच्या राखेचे १० टक्के ठरले होते. पंधरा सेंटिमीटर जाडीचे दोन थर करायचे होते, आणि एका थरात चौरस मीटरमागे साधारण ९ किलो चुना लागत होता. कंत्राटदाराच्या मुकादमाने फक्कीने रस्त्यावर चौकोन आखून घेतले आणि प्रत्येक पावणेतीन चौरस मीटरच्या चौकोनात २५ किलोचे एक पोते ठेवले. इतक्या साध्या युक्तीने हिशेब चोख राहिला, कारण पोती मोकळी होताना कोणालाही येऊन मोजता येत होती. चुना विरवलेला होता, कळीचा नव्हता, तरीही पहिल्या दिवशी मजुरांना हातमोजे आणि चष्मे दिलेले नव्हते व दोन बायांच्या बोटांना चटके बसले. तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे साहित्य आले. ते पहिल्याच दिवशी यायला हवे होते. तुसाच्या राखेची बारीक धूळ छातीसाठीही वाईट असते, म्हणून तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय कोणी पोते फोडू नये, असे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मिसळण झाली की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही, आणि यासाठी जी तपासणी झाली ती पाहायला शाळेतली मुलेही जमली होती. थराच्या पूर्ण खोलीपर्यंत एक छोटा खड्डा उभ्या कडेने कापला आणि त्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव फवारला. चुना असेल तिथे माती क्षणात गडद गुलाबी होते. पहिल्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंत गुलाबी रंग उमटला. दुसऱ्या खड्ड्यात तळाची तीन बोटे माती काळीच राहिली, म्हणजे तिथे रोटाव्हेटरची पाती टणक जमिनीवरून वर उचलली गेली होती आणि खालच्या भागाला चुना लागलाच नव्हता. कंत्राटदाराने वाद न घालता तेवढा भाग पुन्हा उकरून मिसळला, याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. अशा कामात ही तपासणी दर शंभर मीटरला एकदा तरी ग्रामस्थांसमोर व्हावी, असे मी आग्रहाने म्हणेन. तिला खर्च जवळजवळ नाही.

पाणी टाकण्याचे आणि दाबण्याचे काम साधारण बरे झाले. मिश्रण मुठीत दाबले की लाडू व्हावा आणि बोटाने ढकलल्यावर तो दोन-तीन तुकड्यांत फुटावा, एवढी ओल हवी, हे मुकादमाला ठाऊक होते. खरी ओढाताण झाली ती त्यानंतरच्या सात दिवसांत. थर दाबून झाल्यावर किमान आठवडाभर तो ओला ठेवावा लागतो आणि त्यावरून वाहतूक बंद ठेवावी लागते. मार्च महिन्यात आमच्याकडे उन्हाळी भाजीपाल्याची ने-आण चालू असते आणि लोकांना सात दिवस फार वाटले. दोन-तीन ट्रॅक्टर रात्री काटेरी फांद्या बाजूला सारून गेलेच. एका ठिकाणी त्यांच्या चाकोऱ्या कायमच्या उमटल्या आहेत आणि पावसात तिथे पाणी साचते. हा दोष रस्त्याच्या मालमसाल्याचा नाही, आमचा आहे.

वर गिट्टीचा साडेसात सेंटिमीटरचा थर आणि त्यावर चुरी टाकून काम पूर्ण झाले. डांबर नाही. पांदणीला त्याची गरजही नव्हती.

आता नाल्याकडच्या भरावाविषयी. वीज केंद्रातून निघणारी राख दोन प्रकारची येते: धुराड्याकडे जाणाऱ्या वायूतून यंत्राने पकडलेली कोरडी, अतिशय बारीक राख, आणि पाण्यात कालवून तळ्यात सोडलेली, मग उकरून काढलेली राख. कोरडी राख चुन्याशी चांगली जुळते, म्हणून सिमेंट आणि विटांचे कारखाने तिला हवे तेवढे गिऱ्हाईक देतात. तळ्यातली राख तुलनेने जाड आणि बऱ्याच अंशी निष्क्रिय असते, पण भरावासाठी तीच उपयोगी. तिचा मोठा गुण म्हणजे हलकेपणा. दाबून बसवलेल्या मुरमाची घनता घनसेंटिमीटरला १.८ ग्रॅमच्या आसपास जाते, तर राखेची बहुधा १.१ ते १.४ ग्रॅम राहते. नाल्याकाठच्या दलदलीच्या जमिनीवर सव्वा मीटर उंचीचा भराव घालायचा तर वजन जेवढे कमी तेवढी खालची जमीन कमी खचते. दोन पावसाळ्यांनंतरही त्या दोनशे मीटरांत भराव खचल्याची खूण मला दिसलेली नाही. याआधी मुरमाचा भराव तिथे दरवर्षी खाली जात असे.

राखेचा अवगुण तितकाच मोठा आहे आणि तो आम्हाला पहिल्याच जुलैत दिसला. राखेच्या कणांना एकमेकांची पकड नसते. कोरडी असताना ती वाऱ्याने उडते आणि पाण्याचा प्रवाह मिळाला की दुधासारखी वाहते. म्हणूनच भरावाच्या दोन्ही बाजूंना मातीचे आवरण घालावे लागते. भारतीय रस्ते काँग्रेसने राखेच्या भरावांसाठी २००१ मध्ये जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यातही हे आवरण किमान एक मीटर रुंदीचे सांगितले आहे. आमच्या इथे एका बाजूने ते व्यवस्थित होते. दुसऱ्या बाजूला वावराच्या हद्दीचा वाद असल्याने जागा अपुरी पडली आणि आवरण जेमतेम दीड-दोन फुटांचे झाले. जुलैमध्ये तीन दिवसांच्या झडीनंतर त्या बाजूला एक बारीक ओहोळ दिसला, करड्या पाण्याचा. मी जवळ जाऊन वरची गिट्टी सळईने ठोकली तेव्हा आवाज पोकळ आला. वरून रस्ता जसाच्या तसा होता आणि आत बंडीचे चाक मावेल एवढी पोकळी झाली होती. खड्डा दिसला तर माणूस चुकवतो. आतून पोखरलेला रस्ता दिसत नाही, म्हणून मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली. त्याच संध्याकाळी आम्ही पांदण दोन्ही टोकांना बंद केली.

दुरुस्ती दोष-दायित्वाच्या मुदतीत असल्याने कंत्राटदारानेच केली. वावराच्या मालकांनी मोठ्या मनाने अडीच फूट जागा दिली. पोकळी उघडून नव्याने राख दाबली, बाहेरून एक मीटरचे मातीचे आवरण घातले, रस्त्याचे पाणी उतारावरून वाटेल तिथे न उतरता दोन ठिकाणच्या दगडी नाल्यांतूनच खाली जाईल अशी सोय केली आणि उतारावर हराळी लावली. दुसऱ्या पावसाळ्यात तिथून करडे पाणी आले नाही. पण मी अजूनही प्रत्येक मोठ्या पावसानंतर तिथे सळई घेऊन जातो.

राख वाहून आणणाऱ्यांच्या कामाबद्दल मात्र मी समाधानी नाही. पहिल्या आठवड्यात टिप्परवर ताडपत्री नव्हती आणि राख कोरडी आली. एप्रिलच्या वाऱ्याने ती उडून लगतच्या वावरातील वांगी आणि पालकाच्या पानांवर बसली. शेजारच्या ताईंची एक तोड बाजारात गेली नाही. ग्रामपंचायतीने हस्तक्षेप केल्यावर ओली राख झाकून येऊ लागली, आणि टाकल्याबरोबर तिच्यावर पाणी मारून ती पसरली जाऊ लागली. ताईंच्या नुकसानीची भरपाई मात्र कोणी दिली नाही. राख जागेवर विनामूल्य पोहोचते याचा अर्थ तिच्यामुळे झालेले नुकसान शेजाऱ्याने सोसावे असा होत नाही, आणि पुढच्या कामांच्या करारात ही बाब लेखी असली पाहिजे.

विहिरींच्या पाण्याविषयी अनेक जण विचारतात. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, क्रोमियम यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात आणि राखेतून पाणी सतत झिरपत राहिले तर ती जमिनीत उतरू शकतात, त्यामुळे ही शंका रास्त आहे. भरावापासून सर्वांत जवळची विहीर साधारण ऐंशी मीटरवर आहे. तिच्या पाण्याचा नमुना आम्ही काम सुरू होण्यापूर्वी तपासून घेतला होता, आणि दोन्ही पावसाळ्यांनंतर पुन्हा तपासला. अहवालांत चिंतेची वाढ आढळली नाही. ही तपासणी आणखी काही वर्षे चालू ठेवण्याचे ग्रामसभेत ठरले आहे. तरीही बांधीत जिथे चार महिने पाणी उभे राहते, तिथे राख थेट पाण्याच्या पातळीत टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या भरावाच्या तळाशी अर्धा मीटर मुरूम टाकून राख उंचावर ठेवली आहे, आणि त्या मुरमाचे पैसे योग्य ठिकाणी खर्च झाले.

वापराचा अनुभव सांगायचा तर, पहिल्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत पऱ्हे भरलेली ट्रॉली नाल्यापर्यंत गेली, आणि ती जाताना पाहायला म्हातारी माणसे धुऱ्यावर उभी होती. हार्वेस्टर कापणीला थेट वावरापर्यंत येऊ लागला, त्यामुळे कापणीचे दर ठरवताना आमच्या शिवाराला लागणारा जादा आकार बंद झाला. दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये एका ओळखीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शंकूची चाचणी करून घेतली. या चाचणीत ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटर उंचीवरून एका सळईवर सोडतात आणि सळईच्या टोकाचा शंकू प्रत्येक ठोक्याला किती खाली जातो ते मोजतात. रस्त्याच्या बाहेरच्या भिजलेल्या कन्हारीत शंकू एका ठोक्यात पाच सेंटिमीटरहून अधिक गेला. चुना आणि राखेच्या थरात तो सरासरी एक सेंटिमीटर गेला. खराब राखेच्या त्या साठ मीटरांत मात्र तो अडीच सेंटिमीटरपर्यंत उतरला. वरून पाहिले तर तिथली गिट्टी थोडी लाटेसारखी झाली आहे, सायकलवरून जाताना ते जाणवते. एकाच रस्त्यावर, एकाच पावसात, एकाच हाताने झालेल्या कामात हा फरक केवळ राखेच्या प्रतीमुळे पडला.

खर्चाचा हिशेब मी मोघम सांगतो. मुरूम आमच्यापासून लांबून आणावा लागतो, त्यावर स्वामित्वधन भरावे लागते, आणि प्रत्येक खेपेमागे कुठल्या तरी टेकडीचा एक घास जातो. राखेबाबत केंद्र शासनाची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना आहे: कोळशावरील वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिघातील रस्त्यांच्या आणि भरावांच्या कामांत राख वापरणे बंधनकारक आहे, मात्र ती कामाच्या जागेवर विनामूल्य पोहोचली पाहिजे आणि वाहतुकीचा खर्च वीज केंद्राने उचलला पाहिजे. नागपूर जिल्ह्यात कोराडी, खापरखेडा आणि मौदा अशी तीन मोठी केंद्रे असताना आमच्यासारख्या गावांना राख मिळण्यात अडचण नसावी. चुन्याचा आणि वारंवार मिसळण्याचा खर्च मात्र वाढतो. पहिल्या वर्षीच्या खर्चात हा रस्ता मुरमाच्या रस्त्यापेक्षा थोडा महागच पडला. तिसऱ्या वर्षी पुन्हा मुरूम टाकावा लागणार नसेल तर तो स्वस्त ठरेल. दोन पावसाळ्यांवरून मला तसे दिसते आहे.

या पांदणीपासून थोड्याच अंतरावर, राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या नागपूर–मनसर भागात, डिसेंबर २०२४ मध्ये जैविक डांबराच्या रस्त्याच्या तुकड्याचे उद्घाटन झाले. त्यात पिकांच्या अवशेषांतून मिळणारे लिग्निन डांबरात १५ टक्के मिसळले आहे. प्राज इंडस्ट्रीज आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचे ते काम आहे. आमच्याकडे धानाचे तणस कापणीनंतर बांधीतच पेटवले जाते आणि नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळ्या शिवारावर धूर बसतो. त्या तणसाला डांबराच्या पिंपात मोल मिळाले तर शेतकरी ते जाळणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा हिस्सा बाहेरून येतो, हेही त्यामागचे एक कारण आहे. मी रामटेकहून नागपूरला जाताना त्या रस्त्याने जातो, पण त्याच्याविषयी मत द्यायला मी अजून तयार नाही. डांबर उन्हाने हळूहळू कडक होते आणि तडे जातात ते काही वर्षांनी. लिग्निनने ते वय लवकर येते की उशिरा, हे विदर्भाचे सहा-सात उन्हाळे सांगतील.

पोलाद कारखान्यांच्या मळीबाबत, म्हणजे पोलाद बनवताना उरणाऱ्या स्लॅगबाबत, चित्र अधिक स्पष्ट आहे. २०२२ मध्ये सुरतजवळ हजिरा येथे सहा पदरी रस्ता नैसर्गिक गिट्टीऐवजी पोलादाच्या मळीने बांधला गेला आणि त्यात सुमारे १ लाख टन मळी जिरली. त्यानंतर रायगड जिल्ह्यात मुंबई–गोवा महामार्गावरही असा एक तुकडा झाला. मळी गिट्टीपेक्षा जड आणि कणखर असते, परंतु तिच्यात मोकळा चुना उरलेला असेल तर तो पाण्याने फुगतो, म्हणून तिला आधी मुरवून घ्यावे लागते. प्लास्टिकची गोष्ट याहून जुनी आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजगोपालन वासुदेवन यांनी गरम गिट्टीवर प्लास्टिकचा लेप देण्याची जी पद्धत काढली, तिच्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्यासारख्या डांबर नसलेल्या पांदणींना प्लास्टिकची ही पद्धत लागू नाही, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

माझा अभिप्राय असा, की चुना आणि तुसाच्या राखेचा पाया कन्हार जमिनीवरच्या कुठल्याही पांदणीसाठी निःसंकोच घ्यावा. मात्र राख मिलच्या एकाच, ठाऊक असलेल्या बॉयलरमधून कोरडी घ्यावी, दर खेपेचा नमुना पिशवीत राखून ठेवावा आणि काम मार्च संपण्यापूर्वी आटोपावे, म्हणजे पावसाआधी चुन्याला जुळायला दोन महिने मिळतात. मुरमाड किंवा बरड जमिनीवर चुन्याचा खर्च करू नये, तिथे त्याची गरज नाही. वीज केंद्राच्या राखेचा भराव मी अटींसह सुचवेन: दोन्ही बाजूंनी पूर्ण मीटरभर मातीचे आवरण देण्याइतकी जागा मोजणी करून आधीच ताब्यात नसेल, तर तो घेऊ नये. आम्ही ही चूक केली आणि ती एका झडीत उघडी पडली.

साठ मीटरचा खराब तुकडा येत्या फेब्रुवारीत उकरून पुन्हा करायचे ठरले आहे. राईस मिलच्या मालकांनी या वेळी राख पत्र्याच्या छपराखाली साठवून ठेवली आहे, आणि मागच्या आठवड्यात मी तिचा नमुना चोळून पाहिला. ती करडी आणि पिठासारखी आहे. चिखलणीचा दाखला देणारा तो मुलगा रोटाव्हेटरची पाती बदलून घेणार आहे, कारण मागच्या वेळी तळाची तीन बोटे का सुटली ते त्याला नीट लक्षात राहिले आहे.